फोर-एचची रेघ

मी, रंगूबाई नानाजी गावंडे, वय ६८, राहणार धनज, तालुका कारंजा लाड, जिल्हा वाशिम, धंदा शाळेजवळचे वह्या-पेन्सिलींचे दुकान, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा नवा आहे आणि हे लिहायला मला कुणी बसवलेले नाही. उठवायला मात्र दोघे येऊन गेले.

१. राहते घर मुलगा हरीओम याला.

२. दुकान मालासकट सून वैष्णवीला. तिने गिऱ्हाइकाला आधी विचारावे, पेन्सिल कशासाठी पाहिजे. एच असेल तर शिसे कडक, रेघ फिकट आणि बारीक. बी असेल तर शिसे मऊ, रेघ काळी आणि जाड. आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. एचबी मधली, ती लिहायला. एच म्हणजे हलकी आणि बी म्हणजे भारी, असे इथली पोरे पाठ करतात. ते मीच पसरवले. इंग्रजीत ते शब्द वेगळे आहेत असे ड्रॉइंगच्या सरांनी सांगितले, पण आजवर एकही पोर चुकीची पेन्सिल घेऊन गेलेले नाही. वैष्णवीने दुरुस्ती करू नये.

३. दीर इंद्रभान यांना काहीही नाही. भावाभावांच्या वाटणीचा नकाशा त्यांनी सिक्स-बीने काढला. रेघ एवढी जाड की धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, चिंच अख्खी रेघेत आली. माझे यजमान म्हणत झाड आमच्याकडे, भाऊजी म्हणत त्यांच्याकडे. शेवटी भाऊजींनी ते तोडून विकले. त्या चिंचेला झोळी बांधून मी लेकीला, निकिताला, निजवायची. मला अजून राग आहे. तो मी कुणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

४. दुकानाच्या कमाईतून घेतलेले दोन एकर शेत, माझी स्वकष्टार्जित मिळकत. पूर्वेचा अर्धा हिस्सा हरीओमला, पश्चिमेचा अर्धा मुलगी निकिताला.

हरीओम म्हणाला, "माय, निकी तं कारंज्यात नांदून राह्यली. तिले वावर कायले?"

मी म्हटले, "तुले कायले पायजे? त्याच्यासाठीच तिले."

त्यावर तो म्हणाला, "मंग रेघ जराशी जाड काढ. आमी दोघं पाहून घेऊ."

इथेच माझ्या मनात चिंच उभी राहिली. मी फोर-एचला टोक काढले, पट्टी धरली आणि विहिरीच्या कठड्यापासून दक्षिणेच्या दगडापर्यंत एक रेघ ओढली. तिच्यात झाड काय, तुरीचे एक रोपही मावायचे नाही.

मंगळवारी नकाशा गल्ल्यावर ठेवून जेवायला गेले. परत येऊन पाहते तर रेघ नाही, खोडरबराचा चुरा तेवढा पडलेला. हरीओमला विचारले तर तो बाहीवरचा चुरा झटकू लागला. मला फार वाईट वाटले. जन्मभर पेन्सिली विकणाऱ्या बाईचा हा मुलगा, आणि त्याला एवढे ठाऊक नसावे, की मऊ पेन्सिल कागदावर बसते, पण कडक पेन्सिल दाबून ओढली की कागदात रुतते. रंग पुसता येतो, खाच पुसता येत नाही.

दुसरा नकाशा मी काढलेला नाही. तोच सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, शाईने गिरवा. पट्टी घेतली नाही. पेन टेकवला आणि तो खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप गेला.

५. वरील प्रकारामुळे हरीओमचा हिस्सा नांगराच्या एका तासानेही कमी केलेला नाही. तो माझा मुलगा आहे. मी गेल्यावर धुरा टाकताना बहिणीला बोलावून दोघांनी मिळून टाकावा. हे सर्व त्याला वाचून दाखवले. त्याने नकाशाच्या पाठीवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाला, "हाताले लागते, माय."

सही: रंगूबाई नानाजी गावंडे (शाईने)

रंगूबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, पुन्हा एकदा सगळे वाचून सही केली आणि मग आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. चंदाबाई राऊत, शेजारी
२. अमरसिंग राठोड, ड्रॉइंग शिक्षक

धनज, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५