खांद्यावरचा बॉल

सावदा, ५ जानेवारी २०२६

चि. भिकूस, अ. आ. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही, आणि आलं तरी मी ऐकत नाही असं तुझं म्हणणं, म्हणून पत्र. आमची मुलींची फुटबॉल टीम काल जळगावात एक-शून्यने हरली. समोरच्यांनी गोल केलाच नाही. तो आमच्याच गोलकीपरने, उखर्डूच्या पोरीने, मोनालीने केला.

तिला झेलायला मी केळीच्या बागेत शिकवलं. मी घड कापायचा, तिने तो जमिनीला न टेकवता खांद्यावर घ्यायचा, मागे वळायचं आणि ट्रॅक्टरकडे चालू लागायचं. काल शेवटच्या मिनिटाला तिने बॉल इतका अलगद झेलला की मी टोपी उडवली. मग बाईसाहेबांनी बॉल खांद्यावर घेतला, वळल्या आणि दोन पावलांत थेट गोलात. पोरगी बॉल घेऊन घरीच निघाली असं वाटून तुमच्या धुळ्याकडचा कोणी ओरडला, “पोर बॉल लिसन घर चालनी!”

मॅनेजर म्हणून मी तिचे हातमोजे काढून घेतले. पंचवीस तारखेला धुळ्याच्या मॅचला गोलात कामिनी उभी राहील. तिला बॉलची भीती वाटते, पण शिस्त म्हणजे शिस्त.

गुडघ्याला तेल लाव आणि माझ्यावर लोभ ठेव.
तोताराम

धुळे, १० जानेवारी

ती. तोताभाऊस, सा. न. वि. वि.

अर्ध्या पत्रापर्यंत हसून पोट दुखलं. मग तुझा राग आला.

१९७४ साली भुसावळच्या फायनलला बॉल खांद्यावर घेऊन गोलात कोण गेलं होतं? मी परकरात होते, आंधळी नव्हते. तुझ्या मॅनेजरने त्याच संध्याकाळी तुझे मोजे काढून घेतले. नंतर तू मैदानाजवळून जाणारा रस्तासुद्धा सोडलास.

आणि तुझ्या दर टोपीच्या अस्तरात मुक्कामाला असलेला तो फोटोतला इंग्रज गोलकीपर? त्याच्या पायांमधून बॉल गेला, फायनल गेली, तरी मॅनेजरने पुढच्या शनिवारी त्यालाच उभं केलं आणि म्हातारपणी तोही मॅनेजर झाला, ही कहाणी तू मला चारशे वेळा ऐकवलीस. माझ्या लग्नाच्या पंगतीतही सोडलं नाहीस. सत्तरी उलटल्यावर टीम काढलीस ती त्या इंग्रजाच्या मॅनेजरसारखं व्हायला. झालास कोणासारखा? मला फार वाईट वाटलं, भाऊ.

मोनालीला घेऊन आलास तर शेवभाजी. एकटा आलास तर दूध-पोळी.

राग गिळून लोभ करणारी,
भिकू

सावदा, १६ जानेवारी

चि. भिकूस, अ. आ.

तुझ्या पत्राला दोन दिवस शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी उखर्डूच्या बागेत गेलो. केळीची कटाई चालू होती. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून झाडाखाली स्वतःच उभा राहिलो आणि मोनालीला घड कापायला सांगितलं. घड खांद्यावर आला, मी वळलो आणि दोन पावलांत पाण्याच्या चारीत बसलो. घड मात्र टेकू दिला नाही.

पोरगी हसून हसून लोळली. तिथेच चिखलात बसून तिला भुसावळ सांगितलं. तिने विचारलं, पुढच्या मॅचला तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, पुढची मॅच मला मिळालीच नाही. ती हसायची थांबली. मी मोजे परत दिले.

आता ट्रॅक्टर तिच्या समोर उभा करतो. तिने वळायचंच नाही.

शेवभाजी तिखट कर आणि तोंड जरा कमी.
तोताराम

धुळे, २७ जानेवारी

ती. तोताभाऊस, सा. न. वि. वि.

पुन्हा हरलात, तेही दोन-शून्य. पण मोनालीने सात बॉल अडवले. शेवटचा झेलून तिने खांद्याकडे नेला, तेव्हा तू डोळे झाकलेस, म्हणून सांगते. ती वळली नाही. समोर चार पावलं गेली आणि बॉल पार मैदानाच्या मध्यापलीकडे फेकला. रात्री तिने शेवभाजी तीनदा घेतली आणि पुढची, पहूरची मॅच कधी, असं तुला विचारलं. तू लगेच तांब्या तोंडाला लावलास. तांब्या रिकामा होता, भाऊ, मी बघत होते.

घाईत टोपी विसरून गेलास. तू कधी कोणाला हात लावू दिला नाहीस, पण काल धुवायला घेतली म्हणून तो इंग्रज बाहेर काढला आणि पहिल्यांदाच उलटून पाहिला. पाठीमागे पेन्सिलीने तुझं अक्षर आहे. “साहेब, मला आणखी एकच मॅच द्यावी, ही विनंती.” खाली १९७४ ची तारीख. तुझ्या त्या मॅनेजरसाहेबांना हा अर्ज कधी दिलाच नाहीस ना? मी ओट्याशी उभी राहून रडले.

टोपी पोस्टाने पाठवत नाही. पहूरला मोनाली गोलात उभी राहील, तेव्हा मीच घेऊन येते. तुझ्या अर्जाखाली ‘मंजूर’ लिहून मी सही केली आहे.

तुझ्यावर लोभ करण्यावाचून जिला इलाज नाही ती,
भिकू