लॉरीचा सोमवार

काटेवाडी, सोमवार संध्याकाळ, मार्गशीर्ष, सन १९३५

माझी लॉरी अजून तात्यांच्या रानात रुतलेलीच आहे. सख्खे चुलते म्हणून भांडलो नाही, पण डोकं भणभणतंय. चौदा सालच्या लढाईतली जुनी गाडी, इंजिन चारी चाकं फिरवतं, म्हणून काय तिनं पाणी दिलेल्या काळ्या रानातून जायचं? तेही ऊस शिगोशीग भरून? बांध उतरतानाच पुढच्या चाकावरचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग, कडकन मोडला. तरी तात्या मागं उसावर बसून ओरडतायत, "चारी चाकं वढत्यात न्हवं? मग दाब की." चाकं निम्मी चिखलात गेली तेव्हा कुठं खाली उतरले.

मी म्हणालो, "बैल आणा, ओढून काढू."

"आज सोमवार हाय. सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाय आमी."

म्हणजे बैलांना विसावा हवा, म्हणून सकाळी लॉरी मागितली होती तर. सोमवार बैलांचा. मग लॉरीचा वार कुठला? लोखंडानं तरी किती सोसायचं?

निघताना तात्यांनी बॉनेटवर थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. म्हणाले, "गुणाची हाय. उद्या बैल लावून काढू. मग गुऱ्हाळावरचा गूळ बारामतीला न्यायचाय, लवकर ये."