विंगेतून सांगायला मनाई

प्रिय भावजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (तुम्ही आता नाटकमंडळीचे मालक असाल आणि डोक्यावरचे केस मोजकेच उरले असतील, पण मी या घरात आले तेव्हा तुम्ही हाफपँटमध्ये होता, त्यामुळे आशीर्वाद घ्यावेच लागतील.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंना सांगा, घरी तरी तुम्हाला जिने चढायला लावू नका म्हणावं, तालमीच्या हॉलचे जिने काय ते पुरे आहेत. आम्ही दोघं या वयात जितकं खुशाल असावं तितके खुशाल आहोत.

तर तुमच्या हुकमाप्रमाणे तुमच्या दादांच्या डोक्याची तपासणी करून आणली. तुम्ही म्हणाला होता, वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण तपासणी झाली तरच दादाला न्यायाधीशाची भूमिका देतो. मला वाईट वाटलंच. पण तुमचंही चुकलं नव्हतं. मागच्या तालमीत त्यांनी पहिल्या अंकातून थेट तिसऱ्या अंकात उडी मारली, आणि जो माणूस समोर उभा राहून घाम पुसत होता त्याच्याच खुनाबद्दल दुसऱ्याला शिक्षा ठोठावून मोकळे झाले. जन्मभर ‘साहेब, कुणीतरी भेटायला आलंय’ एवढंच बोलत आलेला माणूस (द्वारपाल, कारकून, तिसरा हवालदार, एकदा तर प्रेत, आणि त्यातही शिंकले), त्याला म्हातारपणी खुर्चीवर बसून बोलायचं काम मिळतंय. ते हुकलं तर ते तक्रार करणार नाहीत, नुसते खिडकीशी बसून राहतील, आणि ते मला बघवणार नाही. म्हणून गेलो.

माझी समजूत अशी होती की डोकं तपासायचं म्हणजे यंत्रात घालतात, तारा लावतात, निदान एखादी सुई तरी टोचतात. तसलं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोर मानसशास्त्राच्या एक बाई, वयाने आपल्या सुनेएवढ्या. त्या प्रश्न विचारतात, चित्रं दाखवतात, रंगीत ठोकळे मांडायला देतात, आकडे उलटे म्हणायला लावतात, आणि एवढ्यावरून मेंदूच्या कुठल्या खोलीत दिवा नीट लागतो आणि कुठल्या खोलीत मिणमिणतो ते सांगतात. मी थक्क झाले भावजी. आपण एवढी वर्षं माणसं बघितली, पण डोळ्यांवर प्रकाश मारून, रंग फासून बघितली. या बाई नुसत्या टेबलापलीकडून बघतात आणि त्यांना जास्त दिसतं.

तिथल्या फोनवरच्या मुलीने आधी सगळं सांगितलं होतं. रात्री नीट झोपा, पोटभर खाऊन या, नेहमीच्या गोळ्या घ्या, जुने रिपोर्ट आणा, चष्मा आणि कानातलं यंत्र विसरू नका, अर्धा दिवस जाईल, दमलात तर मध्ये थांबता येईल. आणि घरी सराव करू नका. यातल्या बाकी सूचना मी पाळल्या. (यंत्र राहिलं, पण ते दादांनी मुद्दाम ठेवलं, कारण त्यांच्या मते त्याने त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू बिघडते. दारातून मागे फिरून आणावं लागलं.) सरावाचं मात्र मी ऐकलं नाही. तालमीशिवाय कुणी प्रयोगाला उभं राहतं का? समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त बँकवाले गेल्या वर्षी असल्याच तपासणीला जाऊन आले होते. त्यांना पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते मी त्यांच्याकडून काढून घेतले. शिडी, बदक, हातोडी, उशी, कारंजं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तालीम घेतली. ज्या माणसाला आयुष्यात एक पान सलग पाठ झालं नाही, त्याला हे पाच शब्द असे चढले की झोपेतसुद्धा बदक म्हणायचा.

आत गेल्यावर बाईंनी सांगितलं, मी काही शब्द म्हणते, माझे संपले की तुम्ही म्हणा. त्यांनी शब्द म्हटले. दादा उठून उभे राहिले, गळा साफ केला, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात शिडी, बदक, हातोडी, उशी, कारंजं म्हणून बसले. बाईंच्या यादीत यातलं एकही नव्हतं. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे छान पाठ झालंय, पण तुम्हाला आधीच काय येतं ते मला बघायचं नाही, नवीन गोष्ट तुमच्या डोक्यात कशी शिरते आणि तिथे किती टिकते ते बघायचंय. पाठ करून आलात तर मला तुमच्याऐवजी तुमची तालीमच दिसेल. मी मान खाली घातली. (पुढे तासभर दादांच्या प्रत्येक उत्तरात कुठे ना कुठे ते बदक येत राहिलं, याचं पाप माझ्या माथी.)

आता खरा घोटाळा सांगते. तीस वर्षं मी तुमच्या मंडळीत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. नट अडखळला की मांडीवरच्या संहितेतलं पुढचं वाक्य त्याच्या कानात सरकवायचं, प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. ही सवय घरीही आली. लग्नकार्यात समोरून कोण येतंय ते मी दादांच्या कानात सांगते, दुकानात काय घ्यायचं ते मी सांगते, डॉक्टरांनी कुठे दुखतं विचारलं तरी मीच सांगते. त्या खोलीतही मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. बाईंनी एका चित्राचं नाव विचारलं, दादा थांबले, आणि माझे ओठ आपोआप हलले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाईंनी मला अगदी आदराने बाहेर बसवलं. दाराला काचेची खिडकी होती. मी तिथे उभी राहिले आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी सांगायला लागले. (हे आमच्या धंद्यातलं अस्सल कसब आहे, ते सगळ्यांना जमत नाही.) बाई उठल्या, दादांची खुर्ची फिरवून त्यांची पाठ दाराकडे केली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मग मी बसले.

आणि तिथे बसून मी जे ऐकलं ते तुम्हाला कसं सांगू, मला कळत नाही. दार नीट लागलं नव्हतं. बाईंनी काहीतरी विचारलं आणि दादा गप्प झाले. मला शांतता म्हणजे विंचू, ती मी कधी चार क्षण टिकू दिलेली नाही. इथे ती टिकली. बाई काही बोलेनात, दादा काही बोलेनात. मला वाटलं, आता ही बाई पुढचं सांगून टाकेल, कुणीही सांगेल. तिने सांगितलं नाही. ती नुसती थांबली, वैतागून नाही, घड्याळ बघत नाही, जणू या माणसाकडे शब्द आहे याची तिला खात्रीच आहे. आणि मग आतून दादांचा आवाज आला, त्यांचा स्वतःचा, नाटकी नव्हे. होकायंत्र, म्हणाले. भावजी, मी बाकावर बसून रडले. या माणसाला स्वतःचा शब्द स्वतः शोधायला मी एवढ्या वर्षांत कधी वेळच दिला नव्हता. (बरं, तुमच्या गुडघ्याचं विचारायचं राहून गेलं. कसा आहे?)

दुपारी दादा बाहेर आले ते पडेल चेहऱ्याने. म्हणाले, शेवटची सगळी उत्तरं चुकली, नापास झालो. बाई मागोमाग आल्या आणि त्यांनी समजावलं की यात पास-नापास नसतं. प्रश्न मुद्दामच अवघड होत जातात, माणूस अडेपर्यंत. कुठे अडतो हेच बघायचं असतं, तिथे प्राध्यापकही अडतात आणि त्या स्वतःही अडतील. मनापासून करायचं, एवढंच पेशंटचं काम. दादांना हे इतकं आवडलं की घरी येताना त्यांनी मला प्राध्यापकही अडतात हे वाक्य न चुकता पुन्हा पुन्हा ऐकवलं.

दोन आठवड्यांनी निकाल सांगायला बोलावलं. कागद बाजूला ठेवून बाई साध्या भाषेत बोलल्या. वयाच्या मानाने थोडी घसरण आहे, ती नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. पण विसरणं दोन तऱ्हांचं असतं. एकात गोष्ट आत शिरलेलीच नसते, कितीही आठवण करून द्या, येत नाही. दुसऱ्यात ती आत असते, फक्त हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाही. तुमचे दादा दुसऱ्यातले. पहिलं अक्षर दिलं की शब्द येतो, नाही दिलं तरी थांबलं तर बरेचदा येतो. मी त्यांना म्हटलं, बाई, आमच्यातही नट असेच दोन तऱ्हांचे, एकाला ‘सा’ म्हटलं की सगळं स्वगत आठवतं, दुसऱ्याला पान वाचून दाखवलं तरी तो माझ्याकडेच बघत बसतो. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे आपण एकाच दाराशी बसतो, तुम्ही दार ढकलता, मी ते कितपत उघडं आहे ते बघते. असं माणूस कुठे शिकतं भावजी? मी त्यांच्या पाया पडणार होते, वय बघून थांबले.

भूमिकेचं त्यांनी ठरवलं नाही. ते तुमचं काम, म्हणाल्या. पण सकाळच्या वेळी, थोडी थोडी तालीम घेतली, एका वेळी एकच प्रवेश घेतला, आणि घाई केली नाही, तर जमायला हरकत नाही. वर्षाने पुन्हा तपासायचं. बाकी क्षेम. जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. १ : न्यायाधीशाची भूमिका त्यांना द्या. पोरांना बजावून ठेवा की दादा थांबले तर त्यांच्या तोंडातलं वाक्य कुणी हिसकावून घ्यायचं नाही. न्यायाधीश थांबला तर विचार करतोय असं वाटतं, द्वारपालाचं तसं नसतं.

ता. क. २ : एवढं काय लिहितेस म्हणून दादा दोनदा डोकावून गेले. मी सांगितलं, भावजींच्या गुडघ्याची चौकशी करतेय. तेव्हा उत्तरात गुडघ्याबद्दल काहीतरी लिहा, आणि पुढच्या ता. क.बद्दल मात्र काही लिहू नका.

ता. क. ३ : तपासणीच्या दिवशी बाईंनी मलाही वेगळं बसवून घेतलं होतं. घरच्या माणसाला विचारतातच, दादा घरी कसे वागतात वगैरे. मी भडाभडा सांगत होते. बोलता बोलता त्यांनी घरात कोण कोण असतं विचारलं. मी सगळ्यांची नावं सांगितली आणि धाकट्या नातीपाशी थांबले. बाईही थांबल्या, दादांसाठी थांबल्या होत्या तशाच. मी वाट बघितली. नाव आलं नाही. मग त्यांनी पहिलं अक्षर दिलं. तरी आलं नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या तपासणीची तारीख आहे. दादांना नेलं तर ते मला मागून सगळं सांगतील, आणि आता त्यांना सांगता येतं. म्हणून तुम्ही या. तुम्हाला घरातल्या कुणाचं नाव धड आठवत नाही, त्यामुळे तुमची भीती नाही. विंगेतली खुर्ची तोवर दुसऱ्या कुणाला द्या. तीस वर्षं माझ्या मांडीवर संहिता होती, भावजी. ती नसताना मला किती येतं हे कुणी कधी बघितलंच नाही, मीसुद्धा नाही.

तुम्ही बाहेर बाकावर बसा. मी आले की कसं झालं ते विचारू नका. चहा घेणार का, एवढंच विचारा.