हलका हात

चेतना,

तू ड्यूटीवरून येशील तेव्हा मी मुंबईच्या गाडीत असेन. वॉर्डातली दुखण्यावरची इंजेक्शनं नशेसाठी स्वतःलाच टोचून घेतली म्हणून गेलेलं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन परत मिळतं का, ते उद्याच्या सुनावणीत ठरेल.

माझ्यासाठी लिहिलेलं तुझं शिफारसपत्र मी उघडून वाचलं. खाली तुझा इन्चार्ज सिस्टरचा शिक्का आहे. त्या खुर्चीवर मी बसायचे. आपल्या मेहरूण भागातल्या बायका आता तुझा हात हलका म्हणतात. सुई धरायला तुला मी शिकवलं. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू.

आईला रात्री अकराची दुखण्याची गोळी दे. औषधांच्या कपाटाची किल्ली तू माझ्यापासून लपवून कळण्याच्या पिठाच्या डब्यात ठेवतेस. भाकरी रोज मीच करते गं. दोन वर्षांत तो डबा कितीदा घासून भरला आणि किल्ली दरवेळी परत तळाशी ठेवली. तेवढं तुझ्या पत्रात नाही.

अक्का