उम्म हमदानच्या दारावरचा आकडा

लाडक्या आईला डोंगरावरून बिल्कीसचा सलाम.

मी मजेत आहे. तू दिलेली मेथीपूड अजून पुरतेय. तुझे गुडघे कसे आहेत?

आज मात्र माझं डोकं फिरलंय. पोलिओचे थेंब पाजले की आम्ही दारावर मुलांचा आकडा खडूने लिहितो. उम्म हमदानच्या दारावर गेल्या महिन्यात मीच चार लिहिलं होतं. आज तिथे तीन होतं. धाकटी जुलाबाने गेली आणि आकडा उम्म हमदानने स्वतःच पुसून बदलला.

"सहा वेळा थेंब घेऊन आलीस," ती म्हणाली, "दर वेळी तुला विहीर नासल्याचं सांगितलं. काय केलंस गं?"

थेंब हवेतच. पण विहिरीला आणि जुलाबाच्या औषधाला पैसे नाहीत म्हणे. आमच्या पोरांनी कशाने मरायचं नाही, तेवढं पैसे देणारे समुद्रापलीकडचे लोक ठरवतात!

वर सोबत आलेले आमचे साहेब म्हणाले, "यादीत चार आहेत. दारावर चार कर, नाहीतर तपासणीत अडकू."

मी खडू त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "तिच्यासमोर तुम्हीच लिहा."

बाबांना यातलं काही सांगू नकोस. मी पाणी उकळूनच पिते.

तुझीच,
बिल्कीस