आर्ग्युमेंट म्हणजे भांडण?

८ डिसेंबर, सोमवार
नववीत वादविवाद स्पर्धेची तयारी. फळ्यावर ‘आर्ग्युमेंट’ लिहिलं, खाली ‘युक्तिवाद’. प्राजक्ता म्हणाली, “मॅडम, आर्ग्युमेंट म्हंजे भांडण ना? आमच्या घरी रोज असतंय.” वर्ग हसला. मीही. नीट बघून सांगते म्हटलं.

९, मंगळवार
कोश पाहिला. मूळ लॅटिन ‘आर्ग्वेरे’ : स्पष्ट करणं, सिद्ध करणं. आरोप करणंही. त्याच्या मागे चकाकण्याचा, शुभ्रतेचा धातू. आपला ‘अर्जुन’ त्याच कुळातला! भांडण नंतर चिकटलं. पोरींना आवडेल.
घरी आले तर बांधावर जेसीबी. नवऱ्यानं, संतोषनं, हद्दीचा दगड काढून दादांच्या वावरात सरकवला. मागच्या बंगलेवाल्याला बांधावरून रस्ता हवाय. म्हटलं, दादा तुझे सख्खे मोठे भाऊ, आधी विचारायचं तरी. “इचारलं तर न्हाई म्हणंल.”

१०, बुधवार
सकाळी दादा मोजणीचा नकाशा घेऊन आले. “संतोष, हे बघ. दगड हितं व्हता.” आवाज चढवला नाही. संतोषनं फावडं उचललं, डोक्यात घातलं. ओला आवाज. दादा गुडघ्यांवर. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याला मी दांडा धरला, त्यानं मनगट पिरगाळून मला फेकलं. दादांच्या तोंडात रक्त आणि माती. जाऊबाई किंचाळत होत्या...
दादा दवाखान्यात, बेशुद्ध.
संतोषनं मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. “कोयता आधी त्यानं काढला. असंच सांगायचं.” कसला कोयता? हातात कागद होता.

११, गुरुवार
पोलीस चौकी. हवालदार लिहीत होते, “आर्ग्युमेंट झालं, मग मारामारी. बरोबर ना, मॅडम?”
“नाही. आर्ग्युमेंट दादांनी केलं. यांनी फावडं मारलं.”
पेन थांबलं. मग लिहिलं. संतोषला आत घेतलं. जाताना माझ्याकडे बघून थुंकला.
मी इंदुरीला, आईकडे.

१४, रविवार
दादा शुद्धीवर आले. जबाब दिला : पाय घसरला, फावड्यावर पडलो.
जाऊबाईंचा फोन. “त्यांना भावाची दया येती गं. उद्या तो सुटला, परत आला, तर? तू तरी बदलू नको.”
मागोमाग हवालदारांचा. “मॅडम, मार खाणाराच म्हणतो मारलं नाही. तुमचा जबाब तोच ठेवायचा का?”
आई दारात उभी, मानेनंच ‘नको ठेवू’ म्हणत होती.
विचार करून सांगते म्हणाले. का म्हणाले तसं?