पान तीनवरची जागा

आबा,

शिरपूरच्या स्टँडवर सकाळी आपण दोघं जळगावच्या गाडीची वाट बघत उभे असायचो, ते आज सारखं आठवतंय. सुट्टीत धुळ्याच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून घरी आले की तुमच्याबरोबर स्टँडवर येणं हे माझं काम. तुमच्या हातात बातम्यांचा लिफाफा आणि माझ्या हातात डिंकाची बाटली, कारण शेवटची ओळ तुम्हाला नेहमी स्टँडवरच सुचायची. लिफाफा कंडक्टर जळगावला पेपरच्या ऑफिसात पोचवायचा. खिडकीतून हात काढून तो विचारायचा, "आबा, आज काय बातमी शे?" तुम्ही म्हणायचात, "तुनी गाडी टाइमवर उनी, हाईच बातमी शे." एरवी माझ्याशी तुम्ही शुद्ध बोलायचात. चिडलात किंवा हळवे झालात की तेवढी अहिराणी.

वह्या-पेन्सिलींचं दुकान सांभाळून तुम्ही आयुष्यभर त्या पेपरचे तालुका वार्ताहर राहिलात. पण कॉलेज संपवून मी त्याच पेपरात, जळगावच्या ऑफिसात लागले, तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "मला काय मिळालं यातून? स्टँडवरचा फुकट चहा. यासाठी का तुला कॉन्व्हेंटमध्ये घातलं?" मग बँकेच्या परीक्षेची जाहिरात आली की फॉर्म घेऊन हजर. मी भरून ठेवते म्हणायचे आणि खणात टाकायचे. मला पेपरातच राहायचं होतं. का, ते तुम्हाला धड सांगता आलं नाही. डिंकाची बाटली धरून उभी राहिलेली मुलगी दुसरं काय करणार होती?

दोन वर्षांनी धुळे जिल्ह्याचं पान माझ्याकडे आलं. डेस्कवर मी एकटीच बाई. शिरपूरचा लिफाफा आला की आमचे वृत्तसंपादक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "घ्या, माहेरची डाक आली." सगळे हसायचे, मीही हसायचे. तशात तुमची ती बातमी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर शाळेचं छप्पर उडालेलं, पोरं महूच्या झाडाखाली बसतात. गुडघा दुखत असताना तुम्ही तिथवर चालत गेला होतात. कॅलेंडरच्या चार पाठकोऱ्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेली ती बातमी मी वाचली, आणि माहेरची डाक म्हणून कुणी हसायच्या आत खणात ठेवली. बँकेच्या फॉर्मांवर.

दहा-बारा दिवसांनी तुम्ही स्वतःच ऑफिसात आलात. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. बाहेरच्या बाकावर आपण जेवलो. पाऊसपाणी झालं, दुकानाचं झालं. डबा पुसता पुसता तुम्ही हळूच म्हणालात, "बठ्ठा पेपर दखा रोज. बातमी उनी नही." रोज अख्खा पेपर तुम्ही चाळला होता.

मी म्हटलं, "जागा नव्हती, आबा."

मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही हसलात. "मग बरोबर. बापाला नाही म्हणता येतं तुला, म्हणजे तू पेपरवाली झालीस. आता फॉर्म आणत नाही." खांद्यावरची शबनम काढून माझ्या खुर्चीला अडकवलीत आणि दुपारच्या गाडीने परत गेलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

त्यानंतर दोन पेपर बंद पडले, धुळ्याला बिऱ्हाड हलवलं, बरोबरीचे कुणी मास्तर झाले, कुणी विमा विकू लागले. मला सगळे विचारायचे, अजून यातच का? मी सांगायचे, वडिलांनी हो म्हटलंय. ते हो कशावर उभं होतं, ते कुणाला सांगितलं नाही. पुढे दुसऱ्या वार्ताहरांना मी कितीदा तरी "जागा नाही" म्हटलं. ते मात्र प्रत्येक वेळी खरं असायचं. तेवढं पाळलं.

आता निवृत्तीआधी टेबल आवरायला घेतलंय, म्हणून तुमच्या वस्तू कुणाला द्यायच्या ते लिहून ठेवते. शबनम त्या पायथ्याच्याच गावातल्या मुलीला द्यावी. ती आम्हाला मोबाइलवर बातम्या पाठवते आणि तिचे वडील तिला रोज ओरडतात. कात्री आणि कात्रणांच्या वह्या धाकट्या भावाला, दुकान आता तोच बघतो. बँकेचे कोरे फॉर्म जाळून टाकावेत. कॅलेंडरची चार पानं पाड्यावरच्या शाळेत द्यावीत. तिथे आता पक्क्या खोल्या आहेत, आपल्या पेपरामुळे नाही. पानांबरोबर, ती बातमी मी खणात ठेवली त्या दिवशीच्या अंकाचं पान तीनही द्यावं, मी जपून ठेवलंय. त्यावर खाली उजवीकडे दोन कॉलम 'केस गळतात? घरगुती उपाय' छापलंय. ते मी लावलं होतं, आबा. पान भरत नव्हतं म्हणून.